गडांचे फोटो पडद्यावर

प्रश्न : आमच्या ट्रेकिंग ग्रुपने काढलेल्या किल्ल्यांच्या फोटोंचा स्क्रीनसेव्हर करून सगळ्यांना मेलने पाठवायचा आहे. कसा करावा?

उत्तर : करता येईल, पण मेलचा नाद सोडा. विंडोजची स्क्रीनसेव्हरची ‘.एससीआर’ फाइल म्हणजे नाव बदललेली ‘.ईएक्सई’च, उघडली की थेट प्रोग्रॅम चालतो. व्हायरसवाल्यांनी याचा इतका फायदा उठवला, की जीमेल अशी फाइल जोडूच देत नाही, झिप केली तरी. दुसरीकडून उतरवली तर विंडोज डोळे वटारते. ते कमी व्हावे म्हणून डिजिटल सही करायची, तर प्रमाणपत्राला पैसे मोजावे लागतात. हौसेच्या कामाला एवढा खटाटोप कशाला?

त्यापेक्षा निवडक फोटो १९२० बाय १०८० पिक्सेलला आणून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची झिप गूगल ड्राइव्हवरून वाटा. ती उलगडल्यावर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन या वाटेने ‘स्क्रीन सेव्हर’ गाठायचे, यादीत ‘फोटोज’ निवडायचे आणि शेजारच्या ‘सेटिंग्ज’मधून आपला फोल्डर दाखवायचा. बस्स. उभे फोटो वगळा, पडदा भरत नाही. आणि कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचे नाव टाका, नाहीतर पुढच्या ट्रेकला भांडण ठरलेले!