मंगळाचे पोवळे, सिकलचे रक्त

आमच्या नागपुरात कुणाच्या अंगात रक्त कमी आहे असे कळले, की डॉक्टरांच्या चिठ्ठीआधी एक सल्ला घरपोच येतो: पोवळे घाला. मंगळ लाल, पोवळे लाल, रक्तही लाल. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. शेजारच्या काकू असतात, सासरकडचे कुणी असते, कधी पत्रिका पाहणारे गुरुजी असतात. मी सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. रक्त द्यायला पुढे केलेल्या हातांत पोवळ्याच्या अंगठ्या नेहमी दिसायच्या. त्यातल्या एका हाताची हकिगत सांगायची आहे. पण आधी पोवळ्याविषयी, कारण ज्याच्या भरवशावर आपण लेकरू ठेवतो ती वस्तू मुळात काय आहे हे ठाऊक असलेले बरे.

नवरत्नांत पोवळ्याची गणना होत असली तरी तो खाणीतला दगड नव्हे. समुद्राच्या तळाशी वसाहत करून राहणारे चिमुकले जीव आपल्या आधारासाठी जो फांद्याफांद्यांचा सांगाडा उभारतात, ते पोवळे. दागिन्यात शतकानुशतके नावाजले गेलेले लाल पोवळे भूमध्य समुद्रातले. त्या जातीचे नाव कोरॅलियम रुब्रम. त्याची फांदी वर्षाला एक मिलिमीटरही जाड होत नाही, म्हणजे अंगठीतल्या टपोऱ्या खड्यामागे समुद्राची कित्येक वर्षे असतात. सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडू आणि शंख ज्याचे बनतात त्याचाच. लाली येते ती सेंद्रिय रंगद्रव्यामुळे. पोवळे भट्टीत घातले की हे रंगद्रव्य जळून जाते, म्हणून वैद्यांकडचे प्रवाळ भस्म पांढरे असते. रक्ताची लाली हिमोग्लोबिनमधल्या लोहाची. दोन्ही लाल दिसतात, पण नाते तिथेच संपते.

तरी हे नाते माणसाने फार जुन्या काळापासून मानले आहे, आणि ते नुसते हसण्यावारी नेणे मला पटत नाही. ग्रीक लोक सांगत, की मेडुसा या राक्षसीचे कापलेले मस्तक समुद्राकाठी ठेवले तेव्हा त्याच्या स्पर्शाने पाणवनस्पती कडक होऊन पोवळे झाल्या. आपल्याकडे गरुडपुराणात बलासुराच्या देहापासून रत्ने झाली: रक्तापासून माणिक, दातांपासून मोती, आतड्यांपासून पोवळे. पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने लिहून ठेवले, की रोमन लोकांना भारतातल्या मोत्यांचे जेवढे मोल, तेवढेच भारतीयांना पोवळ्यांचे. आणि निर्यात एवढी की त्यांच्याकडेच पोवळे दुर्मिळ झाले. तिकडे तान्ह्या बाळांच्या गळ्यात पोवळे बांधत. आपल्याकडेही जुन्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांबरोबर पोवळी ओवलेली असत, बाळाच्या मनगटावर बांधलेली असत. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी गोव्याला पोवळी पाठवत आणि त्या बदल्यात हिंदुस्थानातले हिरे मागवत. आजीच्या पेटीतल्या पोवळ्यांच्या सरामागे असा प्रवास असू शकतो.

लाल मण्याची ओढ तर आपल्या मातीत त्याहूनही जुनी. नागपूरहून काटोल रस्त्याला लागले की थोड्या अंतरावर माहूरझरी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या शिळावर्तुळांचे उत्खनन झाले. लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांबरोबर लोखंडाची हत्यारे पुरली, आणि लाल अकीकाचे मणीही. पुढे तर माहूरझरी मणी घडवणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणून ओळखले गेले. त्या माणसांनी तो मणी का जवळ बाळगला असेल, हे मला समजते. मरणाच्या आणि आजाराच्या समोर माणूस हाताला काहीतरी घट्ट धरून बसतो. माझा झगडा त्या मण्याशी नाही. त्या मण्यामुळे तपासणीला जो उशीर होतो, त्याच्याशी आहे.

माझी मामेबहीण कुही तालुक्यात राहते. तिच्या मुलीचे लहानपणापासून हातपाय दुखायचे. कधी बोटे सुजायची, कधी पोटऱ्या धरून रात्रभर कण्हायची. गावात म्हणाले वात आहे. डोळे पिवळे दिसले तेव्हा काविळीची माळ घातली. मग पत्रिका दाखवली. मंगळ कमजोर आहे, मंगळ रक्ताचा कारक, म्हणून रक्तात दोष, असे निदान झाले आणि पोवळे सांगितले. मंगळवारी पूजा करून, तांब्यात मढवून, उजव्या हाताच्या अनामिकेत. एका लग्नात मी त्या पोरीला पाहिले. आठ-नऊ वर्षांची असेल. डोळ्यांच्या कडा हळदी, ओठ फिकट, पोट डाव्या बाजूला जरा पुढे आलेले. मी तिथेच बहिणीला म्हटले, उद्या हिला घेऊन ये, सिकलची तपासणी करू. बहीण म्हणाली, "ताई, खडा घातल्यापासून पोरगी रात्रभर झोपून राहिली ना. आता काहून टोचायचं तिला?"

बहीण खोटे बोलत नव्हती, आणि हेच या सगळ्यातले सर्वांत घातक आहे. सिकलसेल या रक्ताच्या आजारात लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की कोयत्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असह्य कळा येतात. ही कळ काही दिवस राहते आणि बहुतेक वेळा ओसरते. मग काही आठवडे, कधी काही महिने काहीच होत नाही. कळ ऐन भरात असताना खडा घातला, कळ ओसरली, की श्रेय खड्याला जाते. पुन्हा कळ आली की खडा लहान पडला, रत्ती वाढवा. त्या घरात तसेच झाले. पहिला खडा मोडून मोठा घेतला. दुखणे आपल्या लयीने येत-जात होते आणि घरचे त्या लयीला गुण समजत होते. मधल्या काळात पेशी तुटतच असतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलची पेशी १० ते २० दिवस. म्हणून अंगात रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. पत्रिकेत मंगळ कुठेही असला तरी हे गणित बदलत नाही.

हिवाळ्यात पोरीला ताप भरला. छातीत दुखू लागले, दम लागला. घरचे सकाळची वाट पाहत होते. शेजारच्या मुलाने १०८ ला फोन केला म्हणून ती रात्रीच नागपुरात पोहोचली. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा, हातात सलाइन लावायचे, तर बोटे सुजून अंगठी रुतलेली. परिचारिकेने दोऱ्याचे टोक सुईने अंगठीखालून पलीकडे काढले, उरलेला दोरा बोटावर घट्ट गुंडाळला आणि आतले टोक उलगडत उलगडत अंगठी वर सरकवली. पोरगी ओरडलीसुद्धा नाही, एवढी ग्लान होती. फुप्फुसात सिकलचा झटका होता. रक्त चढवले, प्राणवायू दिला, प्रतिजैविके दिली. ती वाचली.

तिचा नमुना आमच्याकडे आला. पहिली चाचणी अगदी साधी असते. नळीतल्या द्रावणात रक्ताचे काही थेंब टाकायचे, थोडे थांबायचे आणि नळीमागे काळ्या रेघांचे कार्ड धरायचे. रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकलचे हिमोग्लोबिन नाही. तिच्या नळीत सगळे गढूळ, एक रेघ दिसेना. पण गढूळ नळी एवढेच सांगते की सिकल आहे. माणूस वाहक आहे की पीडित, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत कळते. तिचा पॅटर्न एसएस, म्हणजे पीडित, निघाला. आईबापांची तपासणी केली, दोघेही एएस, म्हणजे वाहक. दोघांना आयुष्यात कधी काही त्रास नव्हता.

आता ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांच्यासाठी. मूल वारंवार हातपाय दुखतात म्हणते, तान्हेपणी हातापायांचे पंजे सुजले होते, डोळे अधूनमधून पिवळे होतात, इतर मुलांपेक्षा लवकर थकते. यातले काहीही असेल तर आधी सिकलची तपासणी करून घ्या. विदर्भात हा आजार घरोघरचा आहे. १९५८ मध्येच नागपूरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलविषयी लिहिले होते. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्गीय, कुणीही यातून सुटलेले नाही, आणि यात लाजण्यासारखे काही नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे सिकलच्या वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळाले, म्हणून हा जनुक टिकला. सरकारी केंद्रात तपासणीला पैसे पडत नाहीत. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आहे, तेव्हा आशाताई दारी आल्या तर त्यांना परत पाठवू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची नळीची चाचणी मात्र भरवशाची नसते. त्यासाठी डॉक्टर वेगळी तपासणी सांगतील.

रक्त कमी म्हटले की लोहाच्या गोळ्या सुरू करायची सवय आहे. सिकलच्या मुलाला लोह फक्त तपासून द्यायचे असते. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात लोह उलट साठून बसते. फॉलिक ॲसिड, डॉक्टरांनी लिहिलेले हायड्रॉक्सियुरिया, लहान वयात पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस, हे खरे कवच. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या मुलांच्या कळांचे झटके कमी होतात. ते मनाने बंद करू नये, रक्ताची तपासणी चुकवू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात पाण्याची बाटली दप्तरात हवीच, आणि डिसेंबरच्या गारठ्यात स्वेटर. ताप १०१ वर गेला, छातीत दुखले, दम लागला, एकाएकी पांढरेफटक होऊन पोट डाव्या बाजूला फुगले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडले, तर सकाळची वाट पाहू नका.

खडा घ्यायचाच असेल तर घ्या. इतवारीच्या सराफ्यात पिढ्यांचा व्यवसाय करणारी चोख माणसे आहेत. पण पारखून घ्या. काच, प्लॅस्टिक, रंगवलेला शंख, रंगवलेले बांबू कोरल, सगळे पोवळे म्हणून विकले जाते. काचेत भिंगाखाली बुडबुडे दिसतात. खऱ्या पोवळ्यावर अगदी बारीक समांतर रेषा असतात. नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवलेला कापूस मागच्या बाजूने फिरवला आणि लाल झाला तर रंग दिलेला आहे. ॲसिडचा थेंब पडला तर खरे पोवळे फसफसते. म्हणूनच घाम, अत्तर, साबण यांनी ते निस्तेज होते. रत्तीच्या भावातही घोळ असतो. सोनाराची रत्ती सुमारे १२० मिलिग्रॅमची, रत्नवाले जिला पक्की रत्ती म्हणतात ती १८० मिलिग्रॅमच्या आसपास. बिलावर वजन ग्रॅममध्ये लिहून घ्या आणि खडा नैसर्गिक आहे, रंगवलेला नाही, असे प्रमाणपत्र मागा. लहान मुलाच्या बोटात मात्र घट्ट अंगठी नको. सिकलच्या मुलाची बोटे कधी सुजतील सांगता येत नाही. हवे तर गळ्यात घाला.

प्रवाळ पिष्टी आणि भस्म हा वेगळा विषय. आयुर्वेदात ते पोटात घेतात, आम्लपित्तावर देतात, आणि कॅल्शियम कार्बोनेट आम्ल शमवते हे रसायनशास्त्रालाही मान्य आहे. पण ते नोंदणीकृत वैद्याकडून, बिल असलेल्या बाटलीतून, आणि सिकलच्या डॉक्टरांना सांगून. पुडीतले, नाव नसलेले भस्म मुलाच्या पोटात जाऊ देऊ नका. त्यात शिसे, पारा काय असेल याचा भरवसा नसतो.

शेवटचा मुद्दा लग्नाचा, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. स्थळ आले की आपण पहिल्या बैठकीत विचारतो, मुलीला मंगळ आहे का, मुलाला मंगळ आहे का. मंगळ निघाला की शांत करतात, पोवळे घालतात, मंगळवाल्याशीच जुळवतात. सिकल आहे का, हे कुणी विचारत नाही. माझ्या बहिणीचे छत्तीसपैकी पुष्कळ गुण जुळले होते. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटतील असे नाही. दर वेळी नव्याने तेवढीच. एक एएस आणि दुसरा एए, म्हणजे सिकल नसलेला, असेल तर मूल पीडित होत नाही, फार तर वाहक होते. म्हणजे वाहक मुलीचे लग्न मोडायचे काही कारण नाही, जोडीदाराचा रिपोर्ट पाहायचा, एवढेच. लग्न आधीच झालेले असेल आणि दोघे वाहक असतील तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना गाठा. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होऊ शकते. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी स्वतःच नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जाऊन तपासून घ्यावे आणि कार्ड आधारकार्डाबरोबर ठेवावे. बायोडेटात रास, नक्षत्र, गण, नाडी लिहितो, त्याच्याखाली एक ओळ वाढवायची: सिकल पॅटर्न एए किंवा एएस. मी माझ्या मुलाच्या बायोडेटात ती घातली होती. दोन घरांनी कपाळाला आठ्या घातल्या. तिसऱ्या घरच्यांनी आठवड्याभरात आपल्या मुलीचा रिपोर्ट पाठवला.