गोट्यांच्या रानातला द्राक्षारस

आपल्याकडे रानात गोटे फार असले की त्या रानाला कोणी भाव देत नाही. फ्रान्सच्या दक्षिणेस ऱ्होन नदीच्या काठी मात्र असे एक गाव आहे, की तेथील पुष्कळ मळ्यांत माती दिसतच नाही. बटाट्याएवढे, काही ठिकाणी नारळाएवढे गुळगुळीत गोटे पसरलेले, आणि त्यांतून द्राक्षांची बुटकी झाडे वर आलेली. या गावचा तांबडा द्राक्षारस जगात उंची समजला जातो. गावाचे नाव शातोनफ-द्यू-पाप, म्हणजे 'पोपचा नवा किल्ला'.

१३०९ साली पोप क्लेमेंट पाचवे जवळच्या आविन्यों शहरी येऊन राहिले. पुढे १३७७ मध्ये पोप ग्रेगरी अकरावे रोमला परत जाईपर्यंत पोपांचे वास्तव्य तेथेच होते. त्यांपैकी पोप जॉन बाविसावे यांनी या गावच्या टेकडीवर किल्ला बांधला व द्राक्षशेतीला उत्तेजन दिले. १९४४ साली जर्मन सैन्याने किल्ल्याच्या बुरुजाचा बराच भाग सुरुंगाने उडविला. उरलेली भिंत आजही लांबून दिसते.

हा द्राक्षारस बहुधा एका जातीच्या द्राक्षांचा नसतो. तेरा जातींना परवानगी आहे. मुख्य जात ग्रनाश. ती ऊन व वारा सोसते, तिच्यात साखर भरपूर उतरते, पण रंग फिका पडतो आणि रस हवा लागून लवकर उतरतो. म्हणून रंगासाठी सिरा आणि टिकाऊपणासाठी उशिरा पिकणारी मूर्व्हेद्र मिसळतात. गोटे दिवसा तापून रात्री ऊब देतात व खालची ओल धरून ठेवतात. मिस्त्राल नावाचा जोराचा उत्तरवारा पाने कोरडी ठेवतो, त्यामुळे बुरशीचा त्रास कमी होतो. तरी सारे श्रेय गोट्यांना देऊ नये. तेथील काही नामांकित मळे चक्क वाळूच्या जमिनीत आहेत.

खरे श्रेय माझ्या मते शेतकऱ्यांच्या शिस्तीला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या गावच्या नावाने भलताच माल विकला जाई आणि खऱ्या मालाला भाव मिळेना. तेव्हा तेथील शेतकरी पिएर ल रुआ या बॅरनकडे गेले. हे गृहस्थ वकील होते, पहिल्या महायुद्धात वैमानिक होते, आणि त्यांचा स्वतःचा मळाही गावातच होता. आधी तुम्ही स्वतः सचोटीने वागणार असाल तरच पुढे होतो, अशी अट त्यांनी घातली असे सांगतात. १९२३ साली संघ उभा राहिला व नियम ठरले. जेथे लॅव्हेंडर आणि थाईमची रानटी झुडपे वाढतात अशी रुक्ष जमीनच द्राक्षाला घ्यायची. घड हातानेच तोडायचे, कच्चे व सडके तेथेच वेगळे काढायचे. मद्यार्काचे प्रमाण किमान साडेबारा टक्के हवे, आणि तेही वरून साखर न घालता. कोर्टकचेरीत बरीच वर्षे गेली. १९३६ साली फ्रान्स सरकारने या नावाला कायद्याचे संरक्षण दिले.

यात सर्वांत कठीण नियम उत्पन्नाचा आहे. हेक्टरी ३,५०० लिटर, म्हणजे एकरी सुमारे १,४०० लिटर, ही साधारण मर्यादा. त्याला अंदाजे दोन टन द्राक्षे पुरतात. एकरी दहा टन खाण्याची द्राक्षे काढणाऱ्या आपल्या बागाईतदाराला हे वेडेपणाचे वाटेल. पण झाडावर भार कमी असला की घडात गोडी व रंग दाट भरतो, आणि नाव विकते ते त्यावरच.

या मुलखावर एक मोठे संकटही येऊन गेले. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्झेरा किडीने मुळे खाऊन मळेच्या मळे वाळवले. अखेर अमेरिकन खुंटावर कलम करून फ्रान्सची द्राक्षे वाचली. सांगली, नाशिक, विजापूरकडे आपण वापरतो तो डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकनच. मात्र आपण तो पाण्याचा ताण आणि क्षार यांसाठी घेतला.

आता आरोग्याविषयी. तांबडी वाईन हृदयाला चांगली असते, असे पुष्कळजण सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट म्हटले आहे, की मद्यार्काचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. त्याने कर्करोगाचा धोका वाढतो. या द्राक्षारसात तर मद्यार्क चौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून औषध समजून कोणी तो घेऊ नये.

हे प्रमाण वाढण्याचे एक कारण वाढती उष्णता आहे. द्राक्षे लवकर पिकतात, साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. ग्रनाशला हे फार जाणवते. म्हणून तेथील काही शेतकरी मूर्व्हेद्र आणि कुनुआज या उशिरा पिकणाऱ्या जातींकडे पुन्हा वळत आहेत. दोन्ही त्या जुन्या तेरांतल्याच.