आधी पाणी, मग मासे

मालवण,
4 जून

चि. ओंकार,


काल तू फोनवर म्हणालास, "आत्या, हॉलमध्ये पाच फुटी मरीन टँक करतोय, कोरलसकट." अगदी याच सुरात तुझ्या बाबाने एकदा पिशवीतून कुत्र्याचं पिल्लू काढून आजीपुढे ठेवलं होतं. ते पिल्लू पुढे चौदा वर्षं कोणी सांभाळलं, ते त्यालाच विचार. फोनवर तू नुसतं "हो हो" करतोस, म्हणून पत्र लिहितेय. वहिनीला, म्हणजे तुझ्या आईलाही, वाचायला दे. हॉल तिचाही आहे.

टँक करू नको असं मी म्हणणार नाही. जोगेश्वरीच्या मेघवाडीत, तू राहतोस त्याच घरात, मी अकरा वर्षं खाऱ्या पाण्याचा टँक ठेवला आणि त्या वर्षांनी मला कंटाळा म्हणून येऊ दिला नाही. पण तू सुरुवात माशांपासून करतोयस. मासे सगळ्यात शेवटी.

आधी वजन. पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच म्हणजे साडेपाचशे लिटर पाणी, तेवढेच किलो. बारा मिलिमीटरची काच धरलीस तर नुसत्या काचेचे शंभरेक किलो. दगड, वाळू, खालची गाळणीची टाकी म्हणजे सम्प, स्टँड हे सगळं मिळून नऊशेच्या घरात जातं. बारा-तेरा दणकट माणसं दीड मीटर बाय साठ सेंटिमीटरच्या जागेत उभी कर, आणि ती दहा वर्षं उतरणार नाहीत असं समज. विरार लोकलच्या दारातसुद्धा बोरिवलीला थोडी हालचाल होते! राहत्या घराची स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबाने धरलेली असते. तुझा टँक त्याच्या चौपटीच्या पुढे जातो. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण तो कुठून कुठे जातो हे सांगायला इंजिनिअर लागतो, दुकानदार नाही. आपली इमारत तिशी ओलांडून गेली आहे, तेव्हा स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायलाच हवं. सेक्रेटरींकडून तो अहवाल मागून घे आणि बीम कुठून जातात ते बघ. खिडकीखालची जागा तुला आवडली आहे, मला माहीत आहे. तिथे नको, ऊनही येतं. जिन्याच्या बाजूच्या भिंतीला, बीमला आडवा लाव. सोसायटीला पत्र देऊन ठेव. मी दिलं नव्हतं, आणि माझ्या टँकचं पाणी खालच्या घरात गेलं. ती गोष्ट अशी.

12 ऑक्टोबर 2020. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईभर वीज गेली तो दिवस. लॉकडाऊनमुळे मी घरीच, डाळ निवडत बसले होते. पंखा थांबला त्याचं काही वाटलं नाही. मग पायाला ओल लागली. झालं होतं असं, की सम्पमधलं पाणी वर आणणारा रिटर्नचा पाइप पाण्यावर खळखळ आवाज करायचा म्हणून त्याच महिन्यात मी त्याचं तोंड सहा इंच खाली घेतलं होतं. पंप थांबला की पाइपातलं पाणी उलटं फिरतं आणि तोंड उघडं पडेपर्यंत टँकमधलं पाणी खाली ओढत राहतं. माझ्या तीन फुटी टँकातून साठ लिटर खाली आलं, सम्पमध्ये जागा होती वीस लिटरची. उरलेलं खारं पाणी लादीच्या सांध्यांतून खालच्या काकूंच्या देवघरावर. आपल्या जोगेश्वरीच्या लेण्यातले खांब दीड हजार वर्षांत कसे झिजलेत ते तू पाहिलंयस. पाण्याला वाट विचारावी लागत नाही. काकू वर आल्या तेव्हा मी टँकपुढे स्टुलावर उभी राहून तांब्याने पाणी उचलून पुन्हा टँकातच उंचावरून ओतत होते, कारण पंप बंद म्हणजे प्राणवायू बंद. त्या भांडायला आल्या होत्या. दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आणा तो तांब्या, तुम्ही फडकं मारा." वीज येईपर्यंत आम्ही पाळ्या लावल्या. एक डॅमसेल मासळी गेली, बाकीचे वाचले. देवघराचं छत मी रंगवून दिलं.

तुझ्या टँकात एका इंचाला जवळजवळ तेवीस लिटर पाणी आहे, हा आकडा भिंतीवर लिहून ठेव. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली हवं आणि पाइपाला पाण्याच्या रेषेलगत एक बारीक भोक हवं, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. ते भोक शेवाळाने बुजतं, दर रविवारी काडी घालायची. चेक व्हॉल्व्हवर विसंबू नकोस, त्यात एक शंख अडकला की संपलं. सगळं बसवून झालं की मुद्दाम मेन स्विच बंद कर आणि सम्प भरून वाहतो का ते बघ. ही परीक्षा गोड्या पाण्यावर, मासे येण्याआधी. त्याही आधी रिकामा टँक काठोकाठ भरून चार दिवस नुसता उभा राहू दे, खाली वर्तमानपत्र पसर. कुठे पाझरत असेल तर कागद आधी सांगतो.

विजेचं काम वायरमनकडून करून घे. खारं पाणी वीज फार छान वाहून नेतं. टँकच्या सगळ्या प्लगांना 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवा, बोर्ड टँकच्या वर किंवा बाजूला, खाली कधीच नाही. प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ ठेव, म्हणजे ओघळणारा थेंब झोळावरून जमिनीवर पडेल. पाणी हलवणारा एक छोटा वेव्हमेकर बॅटरीवर चालेल अशी सोय कर. तांब्या मारायला काकू आता तिथे राहत नाहीत.

आता पाणी. वर्सोव्याहून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणायची कल्पना तुझ्याही डोक्यात येईल, सगळ्यांच्या येते. त्या पाण्यात ओशिवऱ्याच्या नाल्यापासून काय काय उतरतं हे जोगेश्वरीच्या पोराला मी सांगायला नको. मीठ विकतच घ्यायचं, मरीन सॉल्ट म्हणून मिळतं ते. लिटरला 35 ग्रॅम. सम्प धरून सहाशे लिटर पाणी, म्हणजे पहिल्याच भरणीला एकवीस किलो. मग दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं: साठ लिटर, दोन किलोच्या वर मीठ, वर्षाला शंभरच्या पुढे. हा हिशेब दुकानात कोणी सांगत नाही. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजायचा आणि विशिष्ट घनता 1.025 वर धरायची.

पालिकेचं पाणी आपल्याला प्यायला उत्तम, प्रवाळाला नाही. त्यात क्लोरीन असतं आणि शेवाळाला आवडणारे क्षारही असतात. स्वयंपाकघरातला आरओ पुरत नाही, तो चवीसाठी क्षार परत घालतो. वेगळा आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारं डीआयचं नळकांडं लागतं, टीडीएस मीटरवर शून्य यायला हवं. एका लिटरमागे तीनेक लिटर पाणी वाया जातं. बदलायचे साठ आणि रोज उडून जाणारे सहा धरले तर आठवड्याला शंभर लिटर शुद्ध पाणी, म्हणजे तीनशे लिटर सांडपाणी. ज्या इमारतीत पाणी तासावर येतं तिथे हे पाप आहे. पिंप भरून ठेव, लादी पुसायला आणि गाडी धुवायला वापर. आणि उडून गेलेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं पाणी घालायचं. मीठ उडत नाही, मागेच राहतं. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली आणि टँकचं लोणचं घातलं.

चिलरवर तू काट मारणार आहेस असं तू पाठवलेल्या यादीवरून दिसलं. मारू नकोस. प्रवाळाला पंचवीस-सव्वीस अंश लागतात, आपला हॉल मे महिन्यात तेहतीसवर असतो. पृष्ठभागावर पंखा लावून पाणी थंड होतं, पण ती युक्ती कोरड्या हवेत साधते, आपल्या घामट हवेत ती अर्धी लंगडी. चिलर स्टँडच्या कपाटात कोंडू नकोस. तो पाण्यातली उष्णता काढून हवेत टाकतो, तीच उष्णता पुन्हा पाण्यात जाईल. पॅसेजच्या जाळीजवळ ठेव. बिल वाढेल. वहिनीला आत्ताच सांग, नंतर नको.

इतकं सगळं झाल्यावरही टँकमध्ये काहीच नसेल, आणि खरी कसोटी तिथे आहे. सहा आठवडे तुला नुसतं पाणी, वाळू आणि दगड बघत बसायचंय. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो विष. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विष. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत बसायला वेळ लागतो. विरजण लावल्यावर पातेलं हलवत बसलं की दही लागत नाही, एवढं तुला आजीने शिकवलंय. बाटलीतले जिवाणू मिळतात, त्यांनी थोडी घाई होते. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले, आणि आठवडाभर शून्यच राहिले, की मग माशांचं बोल. मधे सगळ्यावर तपकिरी बुरशीसारखं काहीतरी पसरेल. घाबरू नकोस, डायटम असतात, आपोआप जातात. जोगेश्वरीला फास्ट गाडी थांबत नाही, तुला सवय आहे.

आता कोरल. इथे माझा शब्द शेवटचा समज. व्हिडिओत तू जे बघतोस, फांद्यांचं, मेंदूच्या आकाराचं, ते दगडी प्रवाळ. भारतात 2001 पासून ते सगळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. काळं प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ, समुद्रघोडेसुद्धा. शिक्षा तीन ते सात वर्षं. दुकानदार म्हणेल बाहेरून आलंय. कागद माग, मग बघ विषय कसा बदलतो. लाइव्ह रॉक म्हणून जो दगड विकतात तोही बहुधा कुठल्या तरी खडकावरून फोडून आणलेला असतो. कोरडा, तयार केलेला दगड घे, जीव त्याच्यावर हळूहळू चढतो. किनारी रस्त्यासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या 18 वसाहती हलवायच्या होत्या, तर सरकारी प्रकल्पालाही वनखात्याची परवानगी काढावी लागली. आणि तू पिशवीत घालून रिक्षाने आणणार?

कायदा बाजूला ठेव. गेल्या उन्हाळ्यात इथे किल्ल्याच्या मागे मी पाण्यात उतरले होते. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे, तरी पर्यटक प्रवाळावर उभे राहून फोटो काढतात, कोणीतरी ओरडेपर्यंत. एका खडकावरचं प्रवाळ पांढरं पडलेलं दिसलं. हात लावला नाही, नुसती वरून बघत राहिले. पाणी नेहमीपेक्षा एखाद अंशाने तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की आतलं शेवाळ, जे त्याला जेवू घालतं, तेच ते बाहेर टाकून देतं. एका अंशाने. तुझ्या हॉलमध्ये चिलर बंद पडला तर त्याहून जास्त चढेल.

मऊ जाती ठेव. झोअँथिड, मश्रूम, लेदर. सोसणाऱ्या आहेत, वाढतात, आणि ज्याच्या टँकात वाढल्यात त्याच्याकडून तुकडा मिळतो, समुद्राला हात लावावा लागत नाही. पावती मात्र घे. झोअँथिडांबाबत एक गोष्ट गंमतीत घेऊ नकोस. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, माहीत असलेल्या अतिजहाल विषांपैकी एक. तो दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकायचा नाही, ब्रशने घासायचा नाही. त्या वाफेने घरंच्या घरं इस्पितळात गेलीत. हातमोजे घाल, डोळ्यांना चष्मा लाव.

मासे थोडे. क्रॉफर्ड मार्केटला गेलास की निळा टँग दिसेल, सिनेमातला. तो फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला तुझे पाच फूट अपुरे. क्लाउनफिश घे, पण पैदाशीचे. ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी उभी केली. असा मासा टँकात जन्मलेला असतो, गोळी खातो, समुद्रातून विष मारून पकडलेला नसतो. दोन घे, एक लहान, एक मोठा. हे सगळे नर म्हणून जन्मतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. वहिनीला हे सांगितलंस तर तिचा टँकला विरोध थोडा कमी होईल असं वाटतं. नवा मासा महिनाभर वेगळ्या छोट्या टँकात ठेव. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मोठ्या टँकात शिरला की वाळूत दबा धरून बसतो.

लाइट, स्किमर, कॅल्शियम यांचं नंतर बोलू. त्यात चुकलास तर पैसे जातात, वर लिहिलंय त्यात चुकलास तर जीव जातात नाहीतर शेजारी.

इथे होड्या वर ओढून शाकारल्यात, 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद. पाऊस अजून नीट सुरू झालेला नाही. गणपतीला मी येईन तेव्हा माझा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येते, नवीन घेऊ नकोस. तोवर जिन्याकडच्या भिंतीची लांबी, बीमचं अंतर आणि सकाळी किती वाजता किती वेळ पाणी येतं, एवढं लिहून कळव. फोटो नको, आकडे पाठव.

तुझी,
आत्या

ता. क. बाबाला म्हणावं, तांब्या जपून ठेव.