लाकडी डेक आणि खारी हवा

कोकण किनाऱ्यावरच्या घरासमोरचा लाकडी डेक लवकर काळा का पडतो? पाऊस कारण आहेच. पण बऱ्याचदा चूक आपलीच असते. ओल्या लाकडावर सीलर मारला की ओल आतच कोंडते. मग बुरशी लागते, थर सुटतो.

म्हणून हे काम दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत करा. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा, कारण मीठ हवेतली ओल ओढतं. फळ्या नीट वाळल्या की पॉलिशपेपर मारा आणि पाण्याचे चार थेंब टाकून बघा. मुरले तर स्टेन लावा. वरच राहिले तर थांबा. फळ्यांची कापलेली टोकं विसरू नका, पाणी तिथूनच जास्त शिरतं.

आणि हो, अळशीच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून फेकू नका. त्या आपोआप पेट घेऊ शकतात! उघड्यावर पसरून वाळवा.