‘ओढला गेला’चा कर्ता : दोन महायुद्धे आणि दोन गीताभाष्ये

१

महायुद्धाविषयी लिहिताना आपण मराठीत निरनिराळ्या राष्ट्रांसाठी निरनिराळी क्रियापदे योजतो. अमेरिका युद्धात ‘पडली’, जपान युद्धात ‘उतरला’, आणि भारत मात्र युद्धात ‘ओढला गेला’. पहिली दोन क्रियापदे कर्तरी प्रयोगातील आहेत. तिसरे नवीन कर्मणी प्रयोगातील आहे. या प्रयोगात कर्ता सांगायचा झाल्यास ‘-कडून’ हे शब्दयोगी अव्यय लावून सांगावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो सांगितलाच जात नाही. भारत ओढला गेला. कोणाकडून, कशाच्या बळावर, आणि ओढला जात असताना तो स्वतः काय करीत होता, हे प्रश्न वाक्याबाहेर राहतात.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच वगळलेला कर्ता होय. त्याचा शोध राजकीय इतिहासाबरोबरच वाङ्मयाच्या इतिहासातही घेता येतो. कारण युद्धाला नाखूष असलेला योद्धा हा भारतीय साहित्याच्या परिचयाचा विषय आहे, आणि विसाव्या शतकात भगवद्गीतेवर मराठीत झालेल्या दोन महत्त्वाच्या विवेचनांचे कर्ते, लोकमान्य टिळक आणि विनोबा भावे, हे अनुक्रमे पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी याच प्रश्नासमोर प्रत्यक्ष उभे राहिले. त्यांनी दिलेली उत्तरे वरवर परस्परविरोधी आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी एकच मागणी आहे, असे या लेखात दाखवावयाचे आहे.

गीतेतील एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. अर्जुनाला युद्धास प्रवृत्त करण्यासाठी अठरा अध्याय खर्ची पडतात. तरीही अखेरीस श्रीकृष्ण त्याला आज्ञा देत नाही. सांगितलेल्या सर्व गोष्टींचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे वाग, असे तो म्हणतो. त्यानंतरच अर्जुनाचा होकार येतो. गीतेच्या दृष्टीने युद्धाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हा विचारण्याचा क्षण महत्त्वाचा आहे.

२

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. टिळकांची सुटका जून १९१४ मध्ये झाली होती आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत युरोपात युद्ध पेटले होते. गीतेचा अभिप्राय संन्यासपर नसून निष्काम कर्मयोगपर आहे, हा या ग्रंथाचा सिद्धान्त सर्वश्रुत आहे. लोकसंग्रहासाठी प्राप्त कर्म टाळता येत नाही, असे मानणारा हा भाष्यकार सैन्यभरतीला विरोध करील, असे संभवतच नव्हते. आणि त्याने तो केलाही नाही. मात्र त्याने अट घातली. लढणाऱ्याला स्वराज्याचा हक्क आणि सैन्यात अधिकारपद मिळाले पाहिजे, ही ती अट होय.

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या अध्यक्षतेखाली प्रांतिक युद्धपरिषद भरली. टिळकांना तिचे निमंत्रण होते. राजनिष्ठेचा उच्चार करून ते स्वराज्याच्या प्रश्नाकडे वळताच गव्हर्नरांनी त्यांना थांबविले आणि टिळक सभागृहातून बाहेर पडले. त्याच वर्षी गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव हिंडून सैनिकभरती करीत होते आणि ही मदत बिनशर्त असावी, असा त्यांचा आग्रह होता. भारतीयांना अधिकारपदे मिळवून द्या, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, असे सांगून टिळकांनी त्याची हमी म्हणून गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठविला. मदत हा सौदा नव्हे, या भूमिकेतून गांधीजींनी तो परत केला.

कर्मयोगाचा भाष्यकार अट घालतो आणि अहिंसेचा उपासक विनाअट भरती करतो, हे चित्र चमत्कारिक वाटते. परंतु ‘अट’ या शब्दाचा अर्थ नीट पाहिला की टिळकांच्या भूमिकेतील सुसंगती ध्यानात येते. अट घालणे म्हणजे आपण ‘नाही’ म्हणू शकतो असे सांगणे. आणि ज्याला नाही म्हणता येते त्याच्याच होकाराला अर्थ असतो. टिळकांना युद्धापेक्षा होकाराचा हक्क हवा होता.

३

दुसऱ्या महायुद्धापूर्वी सहा महिने हा प्रश्न जबलपूरजवळ त्रिपुरी येथे पुन्हा उपस्थित झाला. कलचुरींची ही प्राचीन राजधानी. ‘काव्यमीमांसा’कार राजशेखराचे नाव तिच्या राजसभेशी निगडित आहे. मार्च १९३९ मध्ये येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने अंथरुणाला खिळले होते. अध्यक्षांच्या मिरवणुकीत त्यांच्या ऐवजी त्यांचे छायाचित्र होते, आणि त्यांचे भाषण दुसऱ्यांनी वाचून दाखविले. म्युनिक कराराने युरोपातील संकट टळलेले नाही. तेव्हा ब्रिटिश सरकारला मुदतीचा निर्वाणीचा खलिता द्यावा, असे बोस यांचे प्रतिपादन होते. ते स्वीकारले गेले नाही. अधिवेशन लक्षात राहिले ते गोविंद वल्लभ पंतांच्या ठरावामुळे. कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असे त्यात म्हटले होते. एप्रिलअखेर बोस यांनी राजीनामा दिला.

येथेच त्रिपुरीने म्युनिक कराराचा निषेध केला आणि ब्रिटनच्या परराष्ट्रधोरणाशी आपला संबंध नाही असे जाहीर केले, याचा मात्र सहसा उल्लेख होत नाही. तो महत्त्वाचा आहे. भारताची युद्धाविषयीची नाखुषी ही फॅसिझमविषयीच्या उदासीनतेतून आलेली नव्हती. फॅसिझमला खतपाणी घालणाऱ्या धोरणावर तिची टीका होती. तिची तक्रार वेगळी होती : हे धोरण आमच्या नावाने चालते, पण आम्हांला विचारून चालत नाही.

४

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचे घोषित केले. मध्यवर्ती कायदेमंडळाला विचारण्यात आले नाही. आठ प्रांतांत अधिकारावर असलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनाही नाही. त्याच साम्राज्यातील इतर देशांशी तुलना केली म्हणजे या घटनेचे स्वरूप स्पष्ट होते. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत ८० विरुद्ध ६७ मतांनी युद्धाचा निर्णय झाला आणि त्यापायी पंतप्रधान हर्टझॉग यांना जावे लागले. कॅनडाने आपली संसद बोलावून १० सप्टेंबरला स्वतंत्रपणे युद्ध पुकारले. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ब्रिटनचे युद्ध ते आपलेही, असे मानून त्याच दिवशी घोषणा केली. परंतु ते निवडून आलेल्या सरकारचे प्रमुख होते. आयर्लंड तटस्थ राहिला. म्हणजे साम्राज्यात पडणे, उतरणे आणि बाहेर राहणे ही तिन्ही क्रियापदे उपलब्ध होती. केवळ भारताच्या वाट्याला कर्मणी प्रयोग आला.

काँग्रेस कार्यकारिणीने १४ सप्टेंबरला वर्ध्याहून प्रसिद्ध केलेल्या निवेदनात युद्ध आणि शांतता यांचा निर्णय भारतीय जनतेनेच केला पाहिजे असे सांगितले, आणि ब्रिटनने आपली युद्धोद्दिष्टे स्पष्ट करावीत अशी मागणी केली. या वेळीही गांधीजींचा कल ब्रिटनला विनाअट, मात्र केवळ नैतिक, पाठिंबा देण्याकडे होता. आणि कार्यकारिणीने अट घातली. १९१८ मध्ये टिळक सभागृहाबाहेर पडले होते. १९३९ मध्ये संबंध काँग्रेसने त्यांचा युक्तिवाद उचलला. नोव्हेंबरपर्यंत मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यांत नागपूरहून कारभार पाहणारे रविशंकर शुक्ल यांचे मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्रिमंडळही होते. पुढे जुलै १९४० मध्ये, राष्ट्रीय सरकार स्थापन झाल्यास संरक्षणकार्यात सहकार्य करू, या भूमिकेवर अखिल भारतीय काँग्रेस समितीने पुण्यातच शिक्कामोर्तब केले. ही तर उघडउघड टिळकांची अट होती. ऑगस्टमध्ये व्हाइसरॉयांनी केलेल्या देकाराने तिची बोळवण झाली आणि नेतृत्व पुन्हा गांधीजींकडे आले.

५

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार गावी विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाला प्रारंभ केला. जवाहरलाल नेहरूंचे नाव दुसरे होते. देशाला फारसा परिचित नसलेला माणूस गांधीजींनी पहिला का निवडला, याची राजकीय कारणे सांगितली जातात. येथे वाङ्मयीन कारण पाहावयाचे आहे.

विनोबांनी गीतेचा समश्लोकी मराठी अनुवाद ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये केला आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पहिल्याच प्रवचनात विनोबांनी अर्जुनाच्या नाखुषीची कठोर तपासणी केली आहे. अर्जुनाला अहिंसा पटली होती, हे त्यांना मान्य नाही. शेकडो अपराध्यांना फाशी सुनावणाऱ्या न्यायाधीशापुढे स्वतःचा मुलगा उभा राहताच तो देहदंडाच्या अमानुषतेवर बोलू लागतो, हा त्यांनी दिलेला दृष्टान्त प्रसिद्ध आहे. त्या न्यायाधीशाप्रमाणेच अर्जुनाचा युक्तिवाद स्वजनासक्तीतून आला होता. गीता त्याचा मोह दूर करते. स्वधर्म ओळखण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. युद्धाविषयीची नाखुषी ही स्वतःच सद्गुण नव्हे. ती भीतीतून, आसक्तीतून किंवा आळसातूनही येऊ शकते. तेव्हा १९४० मध्ये विनोबांसमोरचा प्रश्न केवळ सरकारशी नव्हता. आपला नकार अर्जुनाच्या पहिल्या अध्यायातील नकारासारखा आहे, की अठराव्या अध्यायापर्यंत जाऊन आलेला आहे, हे त्यांना स्वतःशी ठरवावयाचे होते. वैयक्तिक सत्याग्रहाच्या रचनेत याचे उत्तर दिसते. जमाव नाही, घेराव नाही, संप नाही. एक माणूस उभा राहतो, या युद्धाला माणसे व पैसा यांची मदत करू नये असे स्वतःच्या नावाने सांगतो आणि तुरुंगात जातो. मग दुसरा उभा राहतो. वीस हजारांहून अधिक लोक असे तुरुंगात गेले. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर, कर्मणी प्रयोगात कोंबलेल्या राष्ट्राने एकेका प्रथमपुरुषी एकवचनी वाक्यातून आपला कर्ता परत मिळविण्याचा हा प्रयत्न होता.

टिळकांचा सशर्त होकार आणि विनोबांचा निरपवाद नकार यांतील साम्य येथे आहे. दोघांचाही आक्षेप न विचारण्यावर होता.

६

इतके म्हणून थांबलो तर मात्र विवेचन सोयीचे होईल, पुरे होणार नाही. कारण ज्या राष्ट्राला विचारले गेले नाही त्याच राष्ट्रातील सुमारे पंचवीस लाख माणसे १९४५ पर्यंत सैन्यात दाखल झाली होती, आणि भारतात सक्तीची भरती नव्हती. टायबरच्या खोऱ्यात १९४४ मध्ये धारातीर्थी पडलेले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरलेले नाईक यशवंत घाडगे यांना ‘ओढले गेले’ म्हणणे त्यांच्या शौर्यावर अन्याय करणारे होईल. त्यांनी स्वतंत्र भारताच्या वतीने होकार दिला असे म्हणणेही तितकेच खोटे होईल.

शिवाय नाखुषी सर्वांची सारखी नव्हती. सावरकरांना हे युद्ध हिंदूंच्या सैनिकीकरणाची संधी वाटली. डॉ. आंबेडकरांची दृष्टी वेगळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली तेव्हा, ज्यांना शस्त्र धरण्याचा अधिकारच नाकारला गेला होता त्यांच्यासाठी, सैन्यात जाणे हा बंद दरवाजा उघडण्याचा प्रसंग होता. ‘नाखूष राष्ट्र’ या एकवचनात हा अनुभव बसत नाही. अर्जुनाला नाही म्हणता आले, कारण क्षत्रिय म्हणून शस्त्र आधीच त्याच्या हाती होते.

आणि जबलपूरसारख्या शहरात युद्ध पोटाच्या वाटेने शिरते. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून आहे. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना १९४२ मध्ये, म्हणजे ‘भारत छोडो’च्याच वर्षी, उभा राहिला. त्रिपुरीच्या मंडपापासून काही मैलांवर, ज्या युद्धाला राष्ट्राने नकार दिला त्याच युद्धासाठी दररोज पाळी बदलत होती. कामगाराला त्याचे मत कोणी विचारले नाही; त्याला काम हवे होते. राष्ट्र ओढले जाते ते घोषणेने कमी आणि हजेरीपटाने अधिक, असे येथे म्हणावेसे वाटते.

या गावात आणखी एक घटना घडली. मुंबईतील नाविकांच्या बंडानंतर थोड्याच दिवसांत, २७ फेब्रुवारी १९४६ रोजी, जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील सैनिक बराकींतून बाहेर पडले. निकृष्ट अन्न, गोऱ्या सैनिकांच्या तुलनेतील असमान वागणूक आणि आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटले ही त्यांच्या असंतोषाची कारणे होती. घोषणा देत ते शहरात गेले आणि जेथे जमले ते मैदान तिलक भूमि तलैया या नावाने ओळखले जाते. नावाचा हा योगायोग आहे. त्यावर अधिक भार टाकू नये. परंतु ज्यांनी सहीने किंवा अंगठ्याने एकेकटे होकार दिले होते, तेच आता एकत्र येऊन विचारत होते : आमच्या होकाराचा मालक कोण?

७

‘भारत ओढला गेला’ हे वाक्य चुकीचे नाही. ते अपुरे आहे. व्हाइसरॉयांच्या घोषणेपुरते ते खरे आहे. टिळकांची अट, पवनारचा नकार, बेळगावची भरती, खमरियाची पाळी आणि जबलपूरचे १९४६ मधील सैनिक या प्रत्येकासाठी निराळे वाक्य लागेल आणि त्या प्रत्येक वाक्याला स्वतःचा कर्ता असेल. युद्धकालीन लेखन अभ्यासताना वा त्याचे भाषांतर करताना पात्रांच्या तोंडची आणि निवेदकाची क्रियापदे या दृष्टीने तपासली पाहिजेत. कर्ता वगळला की जबाबदारीही वगळली जाते, ओढणाऱ्याची आणि ओढल्या जाणाऱ्याचीही. गीतेने हा प्रश्न अठरा अध्याय चालविला आणि मग अर्जुनावर सोपविला. १९३९ साली भारताला तो एक क्षणही मिळाला नाही. त्या क्षणाचा हक्क मागणे हेच टिळकांपासून विनोबांपर्यंतच्या या गीताविचाराचे आधुनिक सूत्र होय.