नगराची ठेव

मी ज्या शाळेत दीर्घकाळ मुख्याध्यापक होतो, त्या शाळेच्या कपाटात एक जुने दानपत्र जपून ठेवलेले होते. गावातील एका सद्गृहस्थाने फार वर्षांपूर्वी काही रक्कम शाळेच्या स्वाधीन केली होती आणि तिच्या व्याजातून दर वर्षी उत्तम मोडी हस्ताक्षराबद्दल एका विद्यार्थ्यास पारितोषिक द्यावे, असे लिहून ठेवले होते. पुढे शाळांतून मोडीचे शिक्षण बंद झाले. मोडी लिहिणारा विद्यार्थीच उरला नाही, तेव्हा पारितोषिक कोणास देणार? व्याज मात्र साठत राहिले. एका पावसाळ्यात वाचनालयाचे छप्पर गळून पुस्तकांची दोन कपाटे भिजली. त्या व्याजातून कौले बदलून घ्यावीत, असे मी व्यवस्थापक मंडळास सुचविले. मंडळातील वडीलधाऱ्या सभासदांनी दानपत्र काढून वाचले आणि म्हटले, "गुरुजी, शब्द मोडता येणार नाही." कायद्याने असा उद्देश बदलून घेता येतो, परंतु त्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागते. एवढ्याशा रकमेसाठी कोण जाणार? कौले लोकवर्गणीतून बसली, आणि दानपत्र पुन्हा कपाटात गेले.

विद्यार्थ्यांनो, ही अडचण आमच्याच शाळेची होती असे नाही. जेथे जेथे माणसांनी मरणोत्तर दाने ठेविली, तेथे तेथे ती उद्भवली आहे. इंग्रजी कायद्यात अशा बांधून ठेवलेल्या संपत्तीस एक जुने नाव आहे. त्याचा अर्थ ‘मृत हात’ असा होतो. माणूस जातो, पण त्याचा हात पैशावरून निघत नाही. आर्थर हॉबहाउस या इंग्रज कायदेपंडिताने १८८० साली याच नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि जुन्या दानांच्या अटी पुढील पिढ्यांना कशा जाचक होतात, हे त्यात परखडपणे सांगितले.

बेंजामिन फ्रँकलिनसारखा व्यवहारचतुर पुरुषही या अडचणीतून सुटला नाही. तो १७९० साली वारला. बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्याने प्रत्येकी एक हजार पौंड ठेविले होते. शिकाऊ उमेदवारी पुरी केलेल्या, विवाहित, पंचविशीच्या आतील कारागिरांना त्यातून पाच टक्के व्याजाने कर्ज द्यावे आणि ते त्यांनी दहा वार्षिक हप्त्यांत फेडावे, अशी त्याची योजना होती. शंभर वर्षांत ही रक्कम एक लाख एकतीस हजार पौंड होईल, असा हिशेबही त्याने मांडून ठेवला होता. परंतु पुढे कारखाने आले, जुनी उमेदवारीची पद्धत मोडली, आणि कर्ज मागणारे ते तरुण कारागीर दिसेनासे झाले. शंभर वर्षांनी पाहतात तो दोन्ही शहरांतील रक्कम फ्रँकलिनच्या अंदाजाहून पुष्कळच कमी भरली.

सेंट लुईस शहरातील ब्रायन मलॅन्फी याचे उदाहरण याहून बोलके आहे. हा त्या शहराचा एके काळचा महापौर. तो १८५१ साली वारला, तेव्हा त्या शहरावरून बैलगाड्यांचे तांडे पश्चिमेकडे वसाहतीसाठी जात असत. वाटेत निर्धन झालेल्या प्रवाशांचे हाल त्याने डोळ्यांनी पाहिले होते. आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्सा त्याने अशा प्रवाशांच्या साहाय्यार्थ शहराला दिला. हेतू किती उदात्त! पण काही वर्षांतच आगगाडी आली आणि तांडे थांबले. साहाय्य घेणारे वाटसरू उरले नाहीत, पैसा मात्र उरला. आपल्याकडेही जुन्या पायवाटांवरच्या धर्मशाळा अशाच ओस पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. बांधणाऱ्याचा यात दोष नाही. वाटच दुसरीकडून गेली.

अमेरिकेतील ईरी सरोवराच्या काठी क्लीव्हलंड हे शहर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ते पोलाद, जहाजे आणि यंत्रे यांच्या व्यवसायाने गजबजलेले होते. तेथील क्लीव्हलंड ट्रस्ट कंपनी या पेढीचा अध्यक्ष फ्रेडरिक गॉफ हा मूळचा वकील. लोकांची मृत्युपत्रे सांभाळणे आणि त्यांप्रमाणे पैशाचा विनियोग करणे हे त्याच्या पेढीचे एक नित्याचे काम होते. मृत हाताची पकड किती घट्ट असते, हे त्याला पुस्तकात वाचण्याची फारशी गरज नव्हती. त्याने विचार केला, की प्रत्येक दात्याचा निधी वेगळा ठेवून त्याला वेगळी कुलपे लावण्यापेक्षा सर्वांचे निधी एका छत्राखाली आणावेत. पैशाची राखण पेढीने करावी. पण उत्पन्न कोठे खर्चावे हे शहरातील जाणत्या नागरिकांनी, त्या त्या काळाची गरज पाहून, ठरवावे. दात्याची इच्छा मान्य करावी. परंतु ती निरुपयोगी किंवा अशक्य झाली, तर ती बदलण्याचा अधिकार त्या नागरिकांना प्रथमपासूनच असावा. म्हणजे प्रत्येक वेळी न्यायालयाचे दार ठोठवावे लागणार नाही. २ जानेवारी १९१४ रोजी पेढीच्या संचालकांनी तसा ठराव केला, आणि क्लीव्हलंड फाउंडेशन ही संस्था जन्मास आली. आज जगभर ज्यांना ‘कम्युनिटी फाउंडेशन’ म्हणतात, त्या संस्थांतील ही पहिली. मी तिला ‘नगराची ठेव’ म्हणतो.

या योजनेतील खरी खुबी वाटप समितीच्या रचनेत होती. पाच सभासदांपैकी दोन पेढीने नेमावयाचे. उरलेले तिघे शहराचा महापौर, मृत्युपत्रांच्या न्यायालयाचा न्यायाधीश आणि संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाचा न्यायाधीश यांनी एकेक नेमावयाचे. एकाच धर्मपंथाचे दोहोंपेक्षा अधिक सभासद नसावेत. राजकीय पदावर असलेला किंवा ते मिळवू पाहणारा मनुष्य समितीवर नसावा. या अटी वाचताना गॉफला मनुष्यस्वभाव चांगला कळत होता, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आता एक गमतीची गोष्ट सांगतो. संस्था निघाली, समिती ठरली. पण तिजोरी रिकामी! कारण दान मृत्युपत्राने मिळावयाचे, आणि दाते तर सुखरूप हयात. ते लवकर मरावेत अशी इच्छा करणे कोणासही शोभले नसते. मग गॉफने काय केले? त्याने शहराची पाहणी करवून घेतली. पैसा येण्यापूर्वी तो कोठे लागेल हे तरी समजावे! १९१५-१६ मध्ये शहरातील शाळांची पाहणी झाली. तिचे वृत्तान्त पंचवीस खंडांत छापले गेले. पुढे १९२० साली शहरातील एका मुख्य न्यायाधीशावरच खुनाचा आरोप आला, तेव्हा फौजदारी न्यायव्यवस्थेची पाहणी रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या नामवंत कायदेपंडितांकडून करवून घेतली. तिचा ग्रंथ १९२२ साली निघाला. शहराला स्वतःचा चेहरा आरशात दाखविण्याचे हे काम अनेकांना रुचले नाही. तरी माझ्या मते त्या संस्थेने पुढे जी कोट्यवधींची अनुदाने दिली, त्यांच्या तोलाचेच हे आरंभीचे काम होते. गॉफ १९२३ साली वारला. त्या वेळेपर्यंत बोस्टन, शिकागो, इंडियानापोलिस इत्यादी शहरांनी त्याचा कित्ता गिरविलेला होता.

अशा संस्थेचे अनुदान स्थानिक सेवासंस्थांना मिळते तरी कसे? प्रथम ठेवीचा विचार करू. मुद्दल शक्यतो मोडीत नाहीत. ते गुंतवून त्याच्या उत्पन्नातून दर वर्षी साधारणपणे शेकडा चार-पाच या प्रमाणात रक्कम वाटतात. म्हणजे एक लाख डॉलरांच्या ठेवीतून चार-पाच हजार डॉलर वर्षासन निघते, आणि ते वर्षानुवर्षे निघत राहते. काही दाते कसलीच अट न घालता पैसा देतात. काही दाते आंधळ्यांचे शिक्षण, संगीत, नदीची स्वच्छता असे एखादे क्षेत्र नेमून देतात. काही विशिष्ट रुग्णालयाचे किंवा ग्रंथालयाचेच नाव घालतात. समितीला सर्वांत मोलाचा वाटतो तो बिनशर्त पैसा. कारण अवचित संकट आले, की तोच हाताशी असतो.

समजा, क्लीव्हलंडच्या एखाद्या मोहल्ल्यात एकाकी वृद्धांना घरपोच गरम जेवण पोहोचविणारी एक छोटी संस्था आहे. तेथे सरोवरावरून येणारे हिमवर्षाव मोठे असतात. म्हातारी माणसे आठ-आठ दिवस घराबाहेर पडू शकत नाहीत. संस्थेला एक गाडी हवी आहे. तिची चालक बाई अर्ज लिहावयास बसते. किती वृद्धांना जेवण देतो, गाडी आल्यावर किती जणांना देऊ, खर्च किती, त्यातील किती रक्कम स्वतः उभी करू, गाडी जुनी झाल्यावर काय करू – सगळे लिहावे लागते. मागील वर्षांचे तपासलेले हिशेब जोडावे लागतात. मग ठेवीच्या कचेरीतील अधिकारी येऊन स्वयंपाकघर पाहतो, कामगारांशी बोलतो, आणि आपले मत समितीपुढे ठेवतो. समितीच्या मेजावर त्या दिवशी असे अनेक अर्ज असतात. पाळणाघर, नाट्यगृह, व्यसनमुक्तीचे केंद्र, आणि ही गाडी! पैसा मोजका. एकास ‘होय’ म्हणणे म्हणजे दुसऱ्यास ‘नाही’ म्हणणे. मंजुरी मिळाल्यास करारपत्र होते, रक्कम बहुधा हप्त्यांनी येते, आणि वर्षाअखेर काय घडले याचा वृत्तान्त द्यावा लागतो.

यात एक उणीव मला जाणवते, ती सांगतो. नव्या गाडीला पैसा लवकर मिळतो. चालकाच्या पगाराला, विजेच्या देयकाला तितक्या सहज मिळत नाही. नव्या वस्तूवर दात्याचे नाव रंगविता येते, विजेच्या देयकावर कोण नाव घालणार! शिवाय ज्या संस्थेत अर्ज लिहिणारा पगारी माणूस आहे, ती पुढे जाते. ज्या संस्थेतील बाई दिवसभर भाकऱ्या भाजून रात्री अर्ज लिहिते, ती मागे पडते. चांगल्या ठेवींनी हे ओळखले आहे. लहान रकमांसाठी त्यांनी सोपे अर्ज ठेविले आहेत, आणि काही अनुदाने संस्थेने आपल्या गरजेप्रमाणे खर्चावीत म्हणून मोकळी दिली आहेत. तरी ही तक्रार पुरती मिटलेली नाही.

क्लीव्हलंडचे कारखाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक बंद पडले, लोकवस्ती जवळजवळ निम्म्यावर आली. गॉफच्या दानपत्रांत या संकटाचा उल्लेख असणे शक्यच नव्हते; परंतु त्याच्या समितीला हात मोकळा होता. २००८ साली या संस्थेने इतरांच्या सहकार्याने एव्हरग्रीन नावाच्या सहकारी संस्थांचा उपक्रम हाती घेतला. पुढील वर्षी त्यातील धुलाईकेंद्र सुरू झाले. शहरातील मोठमोठ्या रुग्णालयांच्या चादरी-कपडे धुण्याचे काम परगावच्या कंपन्यांकडे न जाता जवळच्या गरीब वस्तीतील लोकांना मिळावे, आणि ते कामगारच त्या केंद्राचे भागीदार व्हावेत, ही त्यामागील कल्पना. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

अमेरिकेत आज अशा आठशेंहून अधिक संस्था आहेत, आणि इतर देशांतही त्या पसरल्या आहेत. आपल्या देशात मुंबई शहरासाठी १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट ही संस्था याच धर्तीवर स्थापन झाली. मुंबईकरांनी द्यावे आणि ते मुंबईतील सेवासंस्थांना मिळावे, हा तिचा उद्देश. आपल्याकडे दानाची वाण नाही. पण आपले दान बहुधा देवालयास, जातीच्या वसतिगृहास किंवा स्वतःच्या नावाच्या पाणपोईस जाते. ‘सगळ्या गावासाठी ठेवतो, काय करावयाचे ते तुम्ही ठरवा’ असे म्हणण्यास दुसऱ्यांवर फार मोठा विश्वास असावा लागतो. तो विश्वास क्लीव्हलंडमध्येही एका दिवसात निर्माण झाला नव्हता.

आता आमच्या मोडीच्या पारितोषिकाकडे वळतो; कारण त्या बाबतीत माझी थोडी चूक झाली होती, हे मला कबूल केले पाहिजे. माझ्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी शाळेतील दोन मुली तालुक्याच्या गावी भरलेल्या मोडी वाचनाच्या वर्गाला जाऊ लागल्या. एकीच्या घरी जमिनीचे जुने कागद होते, आणि ते घरातील कोणासही वाचता येत नव्हते. तिने ते वाचले. चुलत्यांशी चाललेला बांधाचा वाद त्यामुळे मिटला, असे तिच्या वडिलांनी मला सांगितले. त्या वर्षी शाळेने कपाटातील दानपत्र काढले आणि पारितोषिक जाहीर केले. मी मुख्याध्यापक असताना मला अधिकार असता, तर ही सारी रक्कम मी केव्हाच कौलांत घालून मोकळा झालो असतो. मुलीचे अक्षर मोठे वळणदार होते. ते तपासण्यासाठी परीक्षक मात्र परगावाहून बोलवावा लागला, आणि त्याचा प्रवासखर्च दानपत्रात बसत नसल्यामुळे तो मी दिला.