शिकवणीची फी आणि प्रभूचे पाचारण

शास्त्रभाग : प्रे. कृत्ये १८:१-५, १ करिंथ ९:१-१८, याकोब ५:४

बेळगावहून खानापूरकडे जाताना मच्छे हे गाव लागते. तेथे औद्योगिक वसाहत आहे आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालयही आहे. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या आईबापांना मुलांचा अभ्यास घ्यायला सवड मिळत नाही. त्यात घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि पुढच्या शिक्षणाला इंग्रजी, असा तीन भाषांचा भार सीमाभागातील मुलावर असतो. म्हणून घरी शिकवण्या घेणाऱ्याला येथे काम कमी पडत नाही. आपल्या मंडळ्यांतही असे बंधुभगिनी असतात, आणि पुष्कळदा तेच शब्बाथ शाळेचेही शिक्षक असतात.

त्यांच्यापुढे एक अडचण असते. रविवारी ज्या मुलाला प्रेमाने वचन शिकवले, त्याच्याच बापाकडे सोमवारी गणिताची फी कोणत्या तोंडाने मागावी? कोणी संकोचाने फी मागतच नाही. मग दोन-तीन वर्षांत थकून शिकवण्या बंद करतो आणि मिळेल ती नोकरी धरतो. यात मुलांचेच नुकसान होते. दुसरा म्हणतो, धंदा तो धंदा. आणि ज्याच्याजवळ पैसे नाहीत ते मूल दारातून परत जाते. दोघांनीही पाचारण आणि भाकर यांची फारकत केली आहे. पवित्र शास्त्र आपल्याला काय शिकवते ते पाहू.

१. हक्क असेल तरच तो सोडता येतो

पौल करिंथ येथे आला तेव्हा अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचा धंदा करू लागला, आणि दर शब्बाथी सभास्थानात बोलू लागला. एवढेच वाचून आपण म्हणतो, "पौलाने कोणाकडून काही घेतले नाही." पण हे पुरते खरे नाही. फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेली मदत त्याने आनंदाने स्वीकारली (फिलिप्पै ४:१५-१६).

करिंथकरांस लिहिताना तो आधी आपला हक्क सिद्ध करतो. शिपाई, द्राक्षमळा लावणारा, मेंढपाळ, मळणीचा बैल, असे एकामागून एक दाखले देऊन कामकऱ्याला वेतन मिळालेच पाहिजे असे तो दाखवतो. त्यानंतरच तो म्हणतो की हा हक्क आपण वापरला नाही. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्याने फी ठरवलीच नाही, त्याने ती माफ केली असे म्हणता येत नाही. ती नुसती बुडते. फी ठरवणारा शिक्षकच एखाद्या विधवेच्या मुलाला सांगू शकतो, "तुझी फी आम्ही घेणार नाही."

२. सेरामपूरचे पगारी शिक्षक

आपल्या मराठी मंडळीवर ज्यांचे मोठे ऋण आहे ते विल्यम कॅरी हेही पगारी शिक्षक होते. तरुणपणी ते जोडे शिवत आणि खेड्यातील शाळा चालवत. त्यात पोट भरत नसे. हिंदुस्थानात आल्यावर काही वर्षे त्यांनी बंगालमध्ये निळीच्या कारखान्यावर काम केले. १८०१ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. सुरुवातीचा पगार दरमहा ५०० रुपये होता, पुढे तो १,००० झाला. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. तेथे ते बंगाली, संस्कृत आणि आपली मराठीही शिकवत.

या पगाराचे त्यांनी काय केले? कलकत्त्याजवळील सेरामपूर येथे कॅरी, मार्शमन व वॉर्ड यांची कुटुंबे एकत्र राहत. सर्वांची कमाई एका खजिन्यात जमा होई आणि प्रत्येक कुटुंबाला गरजेपुरते मिळे. उरलेले सेवाकार्याला जाई. मार्शमन पतिपत्नींनी १८०० साली फी घेणाऱ्या निवासी शाळा काढल्या, आणि बंगाली मुलांसाठी मोफत शाळाही सुरू झाली. एका शाळेच्या फीने दुसरीला आधार दिला.

कॅरींचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी कोश १८१० साली निघाला. सेरामपूरहूनच १८११ साली मराठी नवा करार छापून निघाला. कॉलेजातील मराठीचा तास आणि शास्त्राच्या भाषांतराचे मेज ही दोन निरनिराळी कामे नव्हती. शिकवण्यासाठी केलेला अभ्यास भाषांतराला उपयोगी पडला, आणि पगारातून कार्य चालले.

३. फी कशी ठरवावी?

नोकरदाराला पगारी रजा असते, पुष्कळांना भविष्यनिर्वाह निधीही असतो. घरी शिकवणाऱ्याला यातले काही नाही. म्हणून हिशोब वर्षाचा करावा.

समजा, तीस मुले आहेत. पंचवीस जण दरमहा ८०० रुपये देतात आणि पाच जण मोफत शिकतात. महिन्याला २०,००० रुपये येतात. पण एप्रिल-मे महिन्यांत वर्ग बंद. दहा महिन्यांचे दोन लाख बारा महिन्यांना पुरवायचे, म्हणजे महिन्याला सुमारे १६,७०० रुपये झाले. त्यातून दशमांश, वीज, पुस्तके आणि आजारपणासाठी शिल्लक बाजूला काढावी लागते. हा हिशोब केला म्हणजे वाजवी फी मागण्याची लाज वाटत नाही, आणि किती मुलांना मोफत घेता येईल तेही आधीच कळते.

फी सर्वांना वर्षाच्या आरंभीच सांगावी. माफी मात्र गुप्त ठेवावी. कोणते मूल मोफत शिकते हे वर्गात कोणालाही कळू नये, आणि त्याची वही इतरांच्या वहीइतकीच काळजीने तपासावी.

४. तीन कसोट्या

पहिली, कायद्याची. शाळेत नेमलेल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. कायदा मोडून मिळवलेल्या पैशाचा दशमांश देऊन तो पैसा शुद्ध होत नाही.

दुसरी, प्रामाणिकपणाची. वर्गात सर्व धर्मांची मुले येतात. फी गणिताची घेतली तर तास गणिताचाच द्यावा; त्यात उपदेश मिसळू नये. वेळेवर येणे, मंद मुलावर न ओरडणे, नापास होण्याची भीती घालून मुले न ओढणे, हीच तेथली आपली साक्ष होय.

तिसरी, मालकाची. मिळकत वाढली म्हणजे मोफत मुलांच्या जागा वाढल्या की कमी झाल्या? याचे उत्तर आपण धनाचे कारभारी आहोत की चाकर, हे सांगून टाकते.

५. मंडळीला एक शब्द

"आपलाच माणूस आहे, पुढच्या महिन्यात देऊ," असे म्हणून फी थकवणारे बहुधा परके नसतात. अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते असे याकोब बजावतो. ते शेतमजुरांविषयी लिहिले आहे खरे, पण शिक्षकाच्या घरीही चूल असते. ज्याची ऐपत आहे त्याने वेळेवर फी द्यावी. त्याच्या फीवरच गरीब मुलाची जागा टिकून असते. ज्याची ऐपत नाही त्याने संकोच न करता तसे सांगावे. मंडळीने एखाद्या मुलाची फी उचलली तर ते दान योग्य ठिकाणी पडेल.

प्रभूने आपल्याला शिकवण्याचे दान दिले असेल तर त्या दानाने आपले घर चालावे यात कमीपणा नाही. त्याच दानाने दुसऱ्याच्या घरीही दिवा लागावा, एवढे मात्र पाहावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. पौलाने हक्क आधी सिद्ध करून मग का सोडला?
२. सेरामपूरच्या सामाईक खजिन्यातून आपल्या मंडळीला काय घेता येईल?
३. आपल्या मंडळीत कोणा शिक्षकाची फी थकली आहे काय? ती कोण व केव्हा देणार?